टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे!

पावसाळा सरत आला की आपल्या विदर्भात तापाचे रुग्ण वाढतात. डेंग्यू, मलेरिया हे शब्द आता घराघरात पाठ झालेत. पण एका नावावर अजूनही गाडी अडते. स्क्रब टायफस.

२०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत हा आजार पसरला, माणसं दगावली. तेव्हा बातम्यांसाठी फिरताना या नावाची किती रूपं ऐकली! कुणी 'स्क्रबर ताप' म्हणे, आणि बहुतेकांच्या तोंडी सरळ 'टायफॉइड'. काटोलकडचे एक संत्रावाले काका म्हणाले, "टायफॉइडच ना तो भाऊ? मंग आम्ही पानी उकळूनच पिऊन रायलो."

उच्चार चुकला म्हणून कुणाला हसायचं कारण नाही. पण इथे उच्चारासोबत आजारच बदलतो.

'टायफस' हा मुळात ग्रीक शब्द. अर्थ धूर, धुकं. तापात माणसाची शुद्ध हरपते, डोक्यात धुकं साचतं, त्यावरून आलेला. 'टायफॉइड' म्हणजे 'टायफससारखा'. दोन्ही आजार वेगळे आहेत हे डॉक्टरांनाही १८३७ च्या सुमारास, विल्यम गेरहार्ड यांच्या अभ्यासानंतर नीट कळलं. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून होतो. स्क्रब टायफस पाण्यातून होत नाही, माणसाकडून माणसालाही होत नाही. तो होतो किडा चावल्याने.

आता 'स्क्रब'. ब्युटी पार्लरमधला नव्हे. स्क्रब म्हणजे झुडपं. आपल्याकडे जमिनीच्या कागदांवर 'झुडपी जंगल' लिहिलेलं असतं ना, तेच. गवतात, झुडपांत कोळीवर्गातल्या एका किडीची पिल्लं असतात, चिगर म्हणतात त्यांना. पिकावरचा लाल कोळी शेतकऱ्यांना माहीत आहे, त्याच्याच जातकुळीतली. डोळ्याला धड दिसतही नाहीत. त्यांच्या चाव्यातून जंतू शरीरात जातो. त्या जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. जपानीत 'त्सुत्सुगा' म्हणजे आजार, 'मुशी' म्हणजे किडा. जपानी माणसाला नावातच कळतं की किड्यापासून जपायचं आहे. आपल्याला?

तिसरा शब्द सगळ्यात कामाचा. एस्कार. काही जण एस्चर म्हणतात. चावल्याच्या जागी पडणारी काळी खपली. हाही ग्रीक, मूळ अर्थ चूल, शेगडी. निखाऱ्याने चटका बसावा तशी ती दिसते. पण दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. त्यात ती बहुतेकदा काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली असते. बायका संकोचाने बोलत नाहीत. सगळ्यांनाच ती उठते असंही नाही, पण असली तर निदानाची सगळ्यात सोपी खूण तीच.

घरचे 'टायफॉइड' धरून बसले तर ही खपली कोण शोधणार? टायफॉइडवर हमखास दिली जाणारी काही इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लिनसारखं जुनं, स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूपर्यंत जातं. (औषध डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलमधून परस्पर नको.)

म्हणून आरोग्य खात्याला माझी साधी मागणी आहे. सूचनाफलकावर नुसतं 'स्क्रब टायफसपासून सावध राहा' लिहून भागणार नाही. त्याखाली मराठीत लिहा: झुडपी ताप, काळ्या खपलीचा ताप. आशाताईंच्या तोंडी हे शब्द असले तर बाया त्यांना खपली दाखवतील.

आणि तुम्ही एवढं करा. ताप आला की गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, गवतात, झुडपांत गेलो होतो का, हे आठवा. अंग नीट तपासा, म्हाताऱ्या माणसांचं आणि पोरांचंही. काळी खपली दिसली तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. नाव नाही आठवलं तरी चालेल.

गावाकडच्या ग्रुपवर नक्की पाठवा.