शिरोलीच्या शेडमध्ये गोष्ट सांगताना

खंडेनवमीला शिरोली एमआयडीसीत एरवी कधी नसते अशी शांतता असते. भट्ट्या थंड असतात, शॉट ब्लास्टिंगचा आवाज बंद असतो. लेथपासून क्रेनपर्यंत प्रत्येक यंत्र धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजेला सजलेलं असतं. अशाच एका खंडेनवमीला तिथल्या एका छोट्या फौंड्रीच्या मालकांनी मला बोलावलं होतं. “पूजा झाली की आमच्या माणसांना तुमची एक गोष्ट सांगा,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वाचनालयांत, महाविद्यालयांत आणि ग्रामीण साहित्य संमेलनांत मी कथाकथन करत आलो आहे. तिथला श्रोता ठरवून आलेला असतो. इथं समोर मोल्डर, कोअर शॉपमधली मुलं, फेटलिंगवाले, भट्टीवरची माणसं बसली होती. कुणी सतरंजीवर, कुणी पालथ्या घातलेल्या मोल्डिंग बॉक्सवर. बरेचजण नागाव, टोप, शिये, हालोंडी, हेर्ले या आसपासच्या गावांतले, काही बिहार-ओडिशातून पोटासाठी आलेले. पुस्तक उघडलंच नाही. माझी एक कथा मी तोंडी सांगायला घेतली.

गोष्ट उसाची होती. तोड मिळावी म्हणून एक बाप साखर कारखान्याच्या स्लिपबॉयच्या मागं हिंडतो, उभा ऊस तुऱ्यावर येतो आणि थोरला मुलगा शिक्षण सोडून फौंड्रीत कामाला लागतो. बापाच्या हेलपाट्यांना हशा झाला, कारण ऐकणाऱ्यांतल्या अनेकांच्या घरी तेच हेलपाटे घातले जातात. मुलगा पहिल्यांदा भट्टीसमोर उभा राहतो तिथं मात्र शेडमध्ये कुणी हललं नाही. मराठी जेमतेम समजणारा एक कामगार शेजाऱ्याकडून वाक्य समजून घेत होता. त्याच्यासाठी मी सावकाश बोलू लागलो आणि मला जाणवलं, की गोष्ट आणखी चांगली होते आहे.

संपल्यावर मागून एक वयस्कर मोल्डर म्हणाले, “सर, त्या पोरानं पयल्या पगाराचं काय केलं, ते सांगितलं न्हाईसा.”

मी विचारलं, “तुम्ही काय केलंत?”

“आईला लुगडं घेतलं. बाला पायताण. उरलं ते सोसायटीला भरलं.”

मग एकेकजण आपापला पहिला पगार सांगू लागला. कार्यक्रम माझा होता, पण पुढचा तासभर मी श्रोता होतो. पगाराचा तो प्रसंग नंतर मी कथेत लिहिला. त्या शेडमध्ये गेलो नसतो तर तो मला सुचला नसता.

लोकांत जाऊन गोष्ट सांगण्याची ही वाट आपल्याकडं नवी नाही. शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत 1926 साली शंकर पाटील जन्मले. पुढं ते, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघं महाराष्ट्रभर फिरले आणि त्यांनी कथाकथन गावागावांत नेलं. पाटलांची ‘धिंड’ ही कथा पुस्तक हाती न धरलेल्यांनाही ऐकून माहीत झाली. हेच पाटील 1985 साली नांदेडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर त्याही आधी, 1944 पासून, लाल बावटा कलापथकातून मुंबईच्या कामगारांसमोर उभे राहिले. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी आली ती त्यानंतर, 1959 साली. लिहिणाऱ्यानं लोकांत जाऊन बोलणं हा या सगळ्यांच्या लेखनाचाच भाग होता.

शेडमधल्या त्या दिवसापासून मी कथा लिहिली की आधी मोठ्यानं सांगून बघतो. भट्टीवरच्या एका मुलानं मला सांगितलं होतं, “ओतताना हात थांबला की जॉबमध्ये सांधा राहतोय, मग तो जॉब रिजेक्ट.” गोष्टीचंही तसंच आहे. सांगताना धार कुठं तुटली ते समोरच्या चेहऱ्यांवर तिथल्या तिथं कळतं. एका दमात न मावणारं वाक्य, दुसऱ्यांदा नाव घेतल्याशिवाय लक्षात न राहणारं पात्र, नुसतं शोभेसाठी घातलेलं वर्णन यांतलं काहीही शेडमध्ये टिकत नाही.

त्या दिवशी निघताना सोबत नेलेली पुस्तकं तिथंच राहिली. टाइम ऑफिसच्या कपाटात त्यांना एक कप्पा मिळाला. पुढं त्या वयस्कर मोल्डरांचा फोन आला. त्यांची नात त्यांना रोज एक कथा वाचून दाखवत होती. कामगार वाचत नाही, असं आपण सहज बोलून जातो. पण आठ तास वाळू आणि तापलेल्या लोखंडाशी झुंजून घरी जाणाऱ्या माणसापर्यंत आपण पुस्तक पोचवलं कधी? आधी गोष्ट कानावर पडली पाहिजे, मग तिचं पुस्तक मागितलं जातं.

म्हणून माझ्या लेखक मित्रांना आग्रहाची विनंती आहे. सभागृहातल्या निमंत्रणाची वाट बघू नका. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, इचलकरंजीच्या मागांवर जा आणि गोष्ट सांगा. आणि कारखानदारांनो, खंडेनवमीच्या पूजेनंतर एक तास गोष्टीसाठी ठेवा. त्याला खर्च फारसा येत नाही. लेखक यायला तयार आहेत आणि ऐकणारी माणसं तुमच्याच शेडमध्ये आहेत.