सव्वा शेर रवा आणि कागदी पिझ्झा

आमच्या पिढीचे अपूर्णांक कानांवाटे आत आले. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा: पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी आणि पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी. ‘सात दीड?’ असं कुणी विचारलं की ‘साडेदहा’ तोंडातून आपोआप निघायचं. ते कसे झाले, हे मात्र वर्गातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

अर्थ कळायचा तो घरात. तांदूळ मोजायला बसलं की दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. वाण्याकडे चहा नवटाक, म्हणजे शेराचा आठवा भाग, गूळ अच्छेर, म्हणजे अर्धा शेर. मोजणाऱ्या हाताला निम्म्याचं निम्मं आपसूक कळे. मग १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले आणि चिपटी-मापटी माळ्यावर गेली. चार आणे पंचवीस पैशांच्या रूपात तग धरून होते. जून २०११अखेर तेही नाणं चलनातून गेलं.

आता नातीच्या वर्गात कार्डशीटचा पिझ्झा बनतो. घोटीव कागद आमच्याही कार्यानुभवाच्या तासाला असायचा, पण त्याचे बदक नाहीतर आकाशकंदील व्हायचे. गणिताशी त्याची गाठ कधी पडलीच नाही. इथे मुलं एका गोलाचे चार भाग करतात, तेवढ्याच दुसऱ्या गोलाचे आठ. टोमॅटो, ढोबळी मिरची चिकटवतात आणि आठातले दोन तुकडे एका पाव भागावर ठेवून पाहतात. तंतोतंत बसतात. समच्छेद करण्याची रीत आम्ही न समजता घोकली. ही मुलं ती हाताने पडताळतात. कात्री वाकडी गेली तर शेजारचा लगेच म्हणतो, ‘हा अर्धा नाहीये!’ लोण्याच्या वाटणीत दोन बोक्यांना फसवणाऱ्या माकडाची या वर्गात डाळ शिजली नसती.

तरी पिझ्झ्याच्या दोन अडचणी आहेत. गोलाचे दोन, चार, आठ भाग घडी घालून होतात; तीन किंवा पाच करताना मुलं रडकुंडीला येतात. तिथे खोबऱ्याच्या वड्यांचं चौकोनी ताट बरं. तीन ओळी, प्रत्येकीत चार वड्या. एक ओळ म्हणजे तिसरा हिस्सा, तिचं निम्मं म्हणजे दोन वड्या, बारातला सहावा भाग. अपूर्णांकांचा गुणाकार ताटातच दिसतो.

दुसरी अडचण मोठी. एकच पिझ्झा कापत राहिलं की अपूर्णांक म्हणजे एकाहून लहान काहीतरी, असं मनात पक्कं बसतं आणि पुढे पाच चतुर्थांश समोर आले की मूल विचारतं, ‘चारच तुकडे होते, पाचवा आला कुठून?’ आम्हाला हा प्रश्न पडला नाही, कारण सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप, साखर सगळं सव्वा, म्हणजेच पाच पाव. शेर गेला, किलो आला, लहान घरांत वाटी आली; सव्वा मात्र हललं नाही.

तेव्हा पावकी पुन्हा घोकून घ्या, असं मी म्हणणार नाही. शिक्षकांनी कार्डशीट तेवढं एक जास्त मागवावं आणि दोन पिझ्झे कापायला द्यावेत. घरच्यांनी प्रसादाचा रवा मुलांकडून मोजून घ्यावा.