रणकपूरचा उजेड

आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे तपासल्यामुळे कोणतीही वास्तू पाहिली की माझ्या मनात प्रथम खर्चाचा आकडा उभा राहतो. राजस्थानातील पाली जिल्ह्यात, अरवलीच्या कुशीत वसलेल्या रणकपूरच्या चतुर्मुख मंदिरातही तसेच झाले. येथील खांबांची संख्या १,४४४ सांगितली जाते. एवढे खांब कशासाठी? केवळ वैभवासाठी?

उत्तर वर पाहिल्यावर मिळाले. उभा दगड प्रचंड भार पेलतो. पण तोच आडवा टाकून फार लांब नेला, तर मध्येच तडकतो. म्हणून खांब जवळजवळ उभारावे लागतात. खांबांच्या माथ्यावरून पुढे आलेले हस्त तुळईखालचे अंतर आणखी कमी करतात. कारागिरांनी आपली नाजूक कला या ओझे वाहणाऱ्या हस्तांवरही कोरली आहे. येथे अलंकार आणि आधार वेगळे काढता येत नाहीत.

धरणाशाहांनी राणा कुंभाच्या काळात हे मंदिर उभारले. देपा हा त्याचा शिल्पी. मंदिरातील शिलालेख विक्रम संवत १४९६ चा, म्हणजे इ. स. १४३९ चा आहे. गाभाऱ्यात भगवान आदिनाथांची चौमुखी प्रतिमा असून चारही दिशांना द्वारे आहेत. समवसरणात प्रभूंचे मुख प्रत्येकाला आपल्यासमोरच दिसते, ही श्रद्धा येथे आराखड्यातच उतरली आहे. खांबांच्या या अरण्यात अंधार दाटत नाही, कारण मंडपांच्या मधून मोकळे चौक ठेवले आहेत. त्यांतून उतरणारा उजेड फिकट संगमरवरावर दिवसभर रंग पालटत राहतो.

माझ्या थोरल्या ताई सोबत होत्या. वय ७४, दृष्टी अधू. पायऱ्या चढताना त्यांना दम लागला. एका चौकालगत खांबाला टेकून त्या बसल्या आणि पिशवीतून स्तोत्रांची पुस्तिका काढून वाचू लागल्या. मी चकित झालो. गावच्या मंदिरात त्यांनी वाचन कधीच सोडले होते.

“अरे, इथं अक्षर दिसतं,” त्या सहज म्हणाल्या.

त्या वाक्याने मी खजील झालो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा मी कोषाध्यक्ष होतो. जुना चौक ‘शोभत नाही’ म्हणून आम्ही त्यावर स्लॅब टाकला, भिंतींना चकचकीत ग्रॅनाइट लावले आणि भरपूर दिवे बसवले. ग्रॅनाइटवरची दिव्यांची तिरीप ताईंच्या डोळ्यांना सोसेना. चौकात स्वाध्यायाला बसणाऱ्या वृद्ध स्त्रियाही हळूहळू येईनाशा झाल्या. आम्ही मंदिर सुंदर केले असे मानत होतो. प्रत्यक्षात त्याचा उजेड काढून घेतला होता. त्या प्रत्येक बिलावर माझी सही आहे.

परतल्यावर मी विश्वस्त मंडळाकडे लेखी विनंती केली आहे, की स्लॅबचा मधला भाग उघडावा आणि ग्रॅनाइट उतरवावे. खर्चाचा निम्मा भार मी उचलीन. अडचण एकच सांगितली जाते, त्या ग्रॅनाइटवर दात्यांची नावे कोरलेली आहेत.

त्यांत माझेही आहे. सर्वांत आधी ते उतरवावे.