औंढ्याच्या पायऱ्या

महाशिवरात्रीच्या सुमारास तुम्ही हिंगोलीकडून औंढा नागनाथला निघालात, तर शिवारात हळदीची काढणी चाललेली दिसेल. कुठे कंदांचे ढीग, कुठे हळद शिजवायच्या कुकरमधून निघणारी वाफ, कुठे खळ्यावर वाळत पडलेले पिवळे सोने. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नामदेवांची नरसी याच जिल्ह्यातली. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, ही कथा तुम्हांला ठाऊक असेलच.

या देवळाचे गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद, उभ्या पायऱ्यांवरून वाकून, जपून उतरावे लागते. आम्ही एका वयाचे चौघे मित्र दरवर्षी तिथे जात असू. तीन वर्षांपूर्वी वर येताना आमच्यातला एकजण घाम पुसत खाली बसला. "ऊन लागलं असंल," म्हणाला. आम्हीही "असंल" म्हणालो आणि चहाला गेलो. पुढच्या साली हळद शिजत असताना कुकरपाशीच त्याचा उजवा हात गळाला, तोंड वाकडे झाले. रक्तदाब केव्हाचा वाढलेला होता, पण कधी मोजलाच नव्हता. आता तो बाजेवर बसून असतो. त्या दिवशी आम्ही नुसते "असंल" म्हणालो, हे माझ्या मनातून जात नाही.

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. शेतातली माती तपासायला पाठवतो. स्वतःची पाळी आली की मात्र "मला काय धाड भरलीय?" असे म्हणतो. रक्तदाब आणि साखर हे दुखणे दुखतच नाही, हीच तर त्यातली फसवणूक.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी उपकेंद्रात, म्हणजे हल्लीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात तो याचसाठी; त्यांना दारातून परतवू नका. तिथे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच ठरवतात. बोटाला टोचून साखर पाहतात. तोंड उघडायला लावून पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का ते बघतात. तुमच्याच तोंडात तुमची तीन बोटे उभी जात नसतील, तर आजच दाखवा. बायकांच्या स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते. मुखाला सौम्य आम्ल लावून पाहणे हे काही मिनिटांचे काम. कर्करोग होण्याआधीचा बदलही त्यात दिसू शकतो.

याच हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ पासून 'संजीवनी' मोहीम झाली. २,९२,९९६ स्त्रियांना प्रश्न विचारले गेले. त्यांत १४,५४२ जणींत संशयास्पद लक्षणे आढळल्याचे आरोग्यमंत्र्यांनी त्या जुलैत विधिमंडळात सांगितले. आकडा ऐकून गावोगावी घबराट व्हावी असाच होता. पण लक्षण म्हणजे रोग नव्हे. पुढच्या तपासणीत तोवर निदान पक्के झाले ते बाराजणींचे : तीन गर्भाशयमुखाचे, एक स्तनाचे आणि आठ तोंडाचे. तोंडाचे आठ! मिश्री आणि तंबाखू हे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण आहे, हे वाचून तरी चुलीजवळची ती डबी जरा दूर ठेवा.

मित्राला तपासायला न्यायचे, तर "तुला काहीतरी झालंय" असे म्हणू नका. तो कधीच येणार नाही. "मला दाखवायचंय, सोबत चल," म्हणा. बायांनी जावेला, शेजारणीला बरोबर घ्यावे. एकटीला लाज वाटते, चौघी असल्या की गप्पांत काम उरकते.

यंदा आम्ही तिघे औंढ्याला जाताना आधी उपकेंद्रात थांबलो. माझा रक्तदाब ठीक निघाला. आमच्यातल्या सगळ्यांत धडधाकट गड्याची साखर वाढलेली निघाली. तिथल्या ताईंनी त्याला उपाशीपोटी रक्त तपासायची चिठ्ठी दिली. तो रस्ताभर आमच्यावर चिडून बसला होता. दर्शन झाल्यावर स्टँडवरच्या हॉटेलात मात्र त्यानेच आवाज दिला, "एक चहा बिनसाखरेचा." पहिला घोट घेऊन त्याने जे तोंड केले, ते घरी बाजेवरल्या मित्राला सांगितले, तेव्हा तो अर्ध्या तोंडाने का होईना, खूप हसला.