चार नंबरचा संगणक

आपल्यासारख्या शाळेत वस्तू जुनी झाली की तिच्यासाठी एक शब्द तयारच असतो : ‘कंडेम’. खाट असो, ड्रम असो, हॉकीची काठी असो. बोर्ड बसतो, सह्या होतात आणि वस्तू रजिस्टरमधून उतरते. 2006 च्या मार्चमध्ये आमच्या संगणक कक्षातला चार नंबरचा संगणक त्या यादीत चढला. शेरा एका शब्दाचा होता, ‘स्लो’.

मला तो शेरा पटेना. तीन आणि पाच नंबरचे संगणक त्याच दिवशी, त्याच खोक्यांतून आलेले. प्रोसेसर तोच, मेमरी तेवढीच, लिनक्सही तेच. ते दोन्ही नीट पळत होते. मग हा एकटाच म्हातारा कसा झाला?

शिवाय सीडी रायटर फक्त चार नंबरला होता. बारावीची मुले आठवड्याभरात शाळा सोडणार होती. संचलन, क्रीडास्पर्धा, निरोपाचा कार्यक्रम यांची छायाचित्रे आणि चित्रफिती मिळून एक 700 एमबीची सीडी भरत होती आणि ती 46 घरी जायची होती. त्यांतले कित्येक पालक इतके लांबचे, की आपला मुलगा संचलनात चालताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. रायटर काढून दुसऱ्या संगणकात बसवता आला असता. पण मग चार नंबर कंडेम झालाच असता.

सीडीचा मूळ वेग, म्हणजे ‘एक पट’, सेकंदाला 150 केबी. आमचा रायटर 32 पटींचा, म्हणजे त्याला सेकंदाला 4.8 एमबी माहिती अखंड मिळायला हवी. मध्येच पुरवठा तुटला तर रायटरमधला छोटा साठा रिकामा होतो आणि सीडी वाया जाते. तशा पाच गेल्या होत्या. 4 पट वेगाने लिहिले तर सीडी नीट निघे, पण एकेकीला वीस मिनिटे. 46 सीड्यांना पंधरा तासांहून जास्त. कक्ष आम्हाला मिळायचा खेळानंतर प्रेपपर्यंत, जेमतेम एक तास.

माझ्या मदतीला अकरावीतला सोलापूरचा एक कॅडेट होता. तो म्हणाला, “सर, फॉरमॅट मारू या का?” मी म्हटले, “अरे, आधी मोजू तर. आणि त्याच्याही आधी सगळ्या फायली तीन नंबरवर उतरवून घे.”

मोजायला मार्क लॉर्ड यांनी लिहिलेला ‘एचडीपार्म’ हा छोटा प्रोग्राम पुरतो. त्याला मोठा टी दिला तर मेमरीचा वेग कळतो, छोटा टी दिला तर डिस्कचा. मेमरीचा आकडा तीन नंबरइतकाच आला. डिस्कचा मात्र तीन नंबरवर सेकंदाला 41 एमबी आणि चारवर 3.2. रायटरला 4.8 हवेत आणि डिस्क देतेय 3.2! सीड्या का जळत होत्या ते तिथेच कळले. ‘टॉप’ लावून पाहिले, तर साधी फाइल उतरवतानाही प्रोसेसर जवळजवळ पूर्ण गुंतलेला.

ही खूण ओळखीची आहे. डिस्कवरची माहिती मेमरीत दोन प्रकारे येते. पीआयओ पद्धतीत प्रोसेसर स्वतः थोडी थोडी उचलून आणतो. डीएमए पद्धतीत तो फक्त हुकूम सोडतो, हमाली डिस्क आणि नियंत्रक परस्पर करतात. क्वार्टरमास्टरनेच रेशनचे एकेक पोते पाठीवर घ्यायचे की फटीग पार्टी लावायची, एवढाच फरक. चार नंबरवर डीएमए बंद होते.

कॅडेटने लगेच एचडीपार्मनेच ते चालू केले. वेग एकदम 40 वर. पोराने उडीच मारली. मी मोठी फाइल उतरवायला लावली आणि पाच मिनिटे थांबलो. वेग पुन्हा तीनवर! डीएमए आपोआप बंद झाले होते.

माझ्या मते खरी तपासणी इथून सुरू होते, आणि बहुतेक लोक नेमके इथेच ‘पुन्हा चालू करा’ म्हणून मोकळे होतात. कर्नलच्या नोंदींत ‘बॅडसीआरसी’ असा शेरा ओळीने पडला होता आणि शेवटी ‘डीएमए डिसेबल्ड’. अल्ट्रा डीएमएमध्ये पाठवणारा आणि घेणारा दोघेही माहितीची बेरीज करतात. बेरजा जुळल्या नाहीत की माहिती वाटेत बिघडली असे धरून ती पुन्हा मागवली जाते. हे वारंवार घडले की कर्नल वेगावर पाणी सोडतो आणि सावकाश वाटेने जातो. म्हणजे संगणक आळशी नव्हता, आमच्या चित्रफिती सांभाळत होता.

डिस्कची स्वतःचीही नोंदवही असते, ‘स्मार्ट’ नावाची. तिच्यात 5 क्रमांकाला खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या असते. ती शून्य होती. 199 क्रमांकाला वाटेतल्या चुकांची संख्या, ती 1,847. डिस्क ठणठणीत, दोष रस्त्यात.

झाकण उघडले. डिस्कची पट्टीसारखी चपटी केबल कोणीतरी मागच्या दुरुस्तीच्या वेळी घडी घालून, पट्टा आवळून कोपऱ्यात कोंबली होती आणि कॅबिनेटची कड तिच्यावर दाबली गेली होती. या केबलीत 80 तारा असतात. कामाच्या 40 आणि त्यांच्या मधोमध 40 अर्थिंगच्या, शेजारच्या तारांचा आवाज एकमेकींत मिसळू नये म्हणून. तीच चेंगरली. एका मृत संगणकातली चांगली केबल काढली, निळे टोक मदरबोर्डला, काळे डिस्कला लावले. तासभर फायली इकडून तिकडे केल्या. डीएमए टिकले, 1,847 चा 1,848 झाला नाही.

सीडी रायटरचे दुखणे निराळे निघाले. काही ड्राइव्ह डीएमएवर गडबडतात म्हणून त्या काळी काही लिनक्सांत सीडीसाठी ते मुळातच बंद ठेवत. नोंदींत एकही चूक नव्हती, तेव्हा तिथे चालू करणे पुरले. संगणक बंद केला की ही निवड विसरली जाते, म्हणून आज्ञा सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवली.

एक सीडी आता चार मिनिटांत निघू लागली. चार संध्याकाळी पुरल्या. त्यातही शेवटची संध्याकाळ वेष्टणांवर नावे लिहिण्यात गेली.

आजच्या साटा डिस्कना डीएमएची ती आज्ञा लागू पडत नाही, केबलही बारीक झाली आहे. पण बेरीज तपासणे तेच, 199 क्रमांकही बहुतेक डिस्कांवर तोच, आणि चुका वाढल्या की कर्नल जोडणीचा वेग आजही खाली आणतो. चार नंबर 2011 पर्यंत कक्षात होता. कंडेम झाला तेव्हा शेरा होता ‘मदरबोर्ड’, आणि या वेळी मी सही केली.