वर्गणी आणि हिशेब

विमा आणि देवळाची वर्गणी यांचे कूळ एकच, असे मला वाटते. एकट्याला न पेलणारे ओझे अनेकांनी थोडे थोडे उचलावे, हाच दोहोंचा धर्म. मोटारसायकलवाल्यास कायद्याने बंधनकारक असलेला विमा तर स्वतःसाठी नव्हेच; त्याच्या गाडीचा धक्का लागणाऱ्या अनोळखी वाटसरूसाठी तो असतो. तो नाकारणे मला पाप वाटेल.

परंतु वर्गणी वाढली की महाजनांच्या सभेत हिशेब मागितला जातो. येथे तो मागावा कोणी? २०१८ च्या १ सप्टेंबरपासून नव्या दुचाकीस या विम्याचा पाच वर्षांचा हप्ता एकरकमी भरावा लागू लागला. १५० ते ३५० सी.सी.च्या गाडीस तेव्हा तो ५,४५३ रुपये होता. २०२२ च्या १ जूनपासून ७,३६५ झाला, आणि कर निराळा. वर्षानुवर्षे जपून गाडी हाकणाऱ्यासही या हप्त्यात सवलत नाही.

२०२२ साली हे दर ठरण्यापूर्वी सरकारने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविल्या होत्या. आपण मात्र हप्ता भरताना कुरकुरतो, मसुद्याच्या वेळी मौन पाळतो. गोव्यातील मोटारसायकल पायलटांकडून येथे धडा घ्यावा. आपल्या अडचणी त्यांनी संघटना करून सरकारदरबारी मांडल्या. दुचाकीस्वारांनीही एकत्र येऊन जमा किती, भरपाई किती, हे विचारावे; हप्ता वर्षावर्षाने भरण्याची मुभा मागावी. गाऱ्हाणे देवापुढेसुद्धा आपण एकट्याचे घालीत नाही, साऱ्या गावाचे घालतो.