वालाला रात्र लागते

गेल्या दिवाळीत लोक फराळाचे डबे घेऊन नातलगांकडे गेले. आम्ही एका न फुलणाऱ्या वेलाचे गाऱ्हाणे घेऊन अकोल्याला गेलो. वऱ्हाडातले अकोला नव्हे हं! हे प्रवरेकाठचे, अगस्तींच्या आश्रमाचे, कळसूबाईच्या तालुक्याचे अकोले. आईचे माहेर तिथलेच.

आईच्या मागे तिच्या पेटीत एक पुरचुंडी सापडली. आत वालघेवड्याच्या पाच बिया. आषाढात त्या पुण्याच्या गॅलरीतल्या कुंड्यांत लावल्या. तीन उगवल्या. आठवड्यात कोवळी पाने, श्रावणात वेलाचा पसारा, आणि दसऱ्याला शेंडे वरच्या बिऱ्हाडाच्या दोरीवर! फूल मात्र एक नाही. "नुसता पाला कशाला? उपटून टाका," असे घरातून फर्मान सुटले. पण उपटायचे कसे? दुसरे बी कुठे होते?

संगमनेर मागे पडले, उसाचे मळे सरले, डोंगर जवळ आले. मावशीच्या परसात पाऊल टाकले आणि थबकलोच. मांडवभर जांभळे तुरे!

"मावशी, आमच्या वेलाला खत कमी पडलं का हो?"

मावशी हसली. "खत न्हाई रे, अंधार कमी पडला. रातीला दिवा असतो का तिथं?"

दिवा? नगरपालिकेचा खांब गॅलरीच्या अगदी समोर. रात्रभर लख्ख उजेड!

"आमच्या देवळापाशी खांब बसला, तवापासून त्याच्याखालचा वेल मागं राहतो. वालाला रात लागते बाबा."

शास्त्रज्ञही याच निष्कर्षाला आले, पण फार फिरून. १९१२ साली पॅरिसमध्ये तुर्न्वा नावाच्या संशोधकाला भांगेच्या रोपांवर दिसले की, दिवसाचा उजेड कमी केला की रोपे लवकर फुलतात. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर तेच सिद्ध केले. रोप वाढते ते वयाने, पण फुलते ते रात्र लांबली की. आपल्या नगर जिल्ह्यात इंग्रजी अमदानीत परवान्याने गांजा पिके. आज, १९८५ च्या कायद्यानंतर, घरी ते रोप लावणे गुन्हा आहे. पण दिवाळीच्या सुमारास तुरा धरायची त्याची रीत आमच्या निरुपद्रवी वालासारखीच!

मावशीने मग बी कसे धरायचे तेही सांगितले. पहिल्या शेंगा खायच्या, मधल्या बहरातल्या भरदार शेंगा वेलावरच ठेवायच्या. हिरवी शेंग पिवळी पडते, मग वाळून कडक होते. हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाताखाली दबला तर तो अजून कच्चा. पक्के बी राखेत घोळून मडक्यात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी राखली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

निघताना मावशीने हळूच विचारले, "तुझ्या आईचा वाल पांढऱ्या फुलाचा ना रे? आमच्याकडचं ते बी कवाच गेलं."

गाडीत आम्ही दोघेही गप्प होतो. म्हणजे आमच्या गॅलरीतला तो पाला आमच्या ओळखीत शेवटचा होता!

घरी येताच वेलाला आईचीच जुनी गोधडी मिळाली. संध्याकाळी सहाला पांघरायची, सकाळी काढायची. शेजारी विचारत, "वेलाला थंडी वाजते का?" हसू देत बापडे! मार्गशीर्षात एका सकाळी गोधडी काढली, तर पानांच्या बेचक्यात कळ्या. चार दिवसांनी फुलल्या, पांढऱ्याशुभ्र.

माघात शेंगा खुळखुळल्या. मोजून एकतीस बिया. पंधरा ठेवल्या, सोळा अकोल्याला नेऊन मावशीच्या ओंजळीत घातल्या. तिने त्या बराच वेळ न्याहाळल्या आणि एक उचलून दाताखाली धरली.

"पक्की हाय," ती म्हणाली, आणि राखेचे मडके आणायला आत गेली.